आईबँकेची व्याजदर कपात

आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर चार पावलं मोकळी जागा आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये, परीक्षा संपता संपता, गार्गीनं तिथे चपलांच्या रॅकवर दुकान थाटलं. माल म्हणजे रिकामे डबे, दोन कांदे आणि माझी जुनी पर्स. गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणी. मी दारात मेथी निवडत बसले होते म्हणून सगळं ऐकू येत होतं. मैत्रीण कांदे उचलायची, हाताचा पंजा मोबाइलसारखा पुढे धरायची आणि गार्गी नाकातून बोलायची, "टिंग! साठ रुपये प्राप्त झाले." मग पर्स. "टिंग! नऊशे रुपये प्राप्त झाले." अर्धा तास हे चाललं. एकदाही कुणी "महाग लावलंस" म्हणालं नाही, कुणी सुटे मागितले नाहीत आणि कुणाचेच पैसे संपले नाहीत.

ते शेवटचं मला खुपलं. आमच्या दुकान-दुकानात चिंचोके असायचे आणि ते संपायचे. संपले की भांडण, आणि भांडण झालं की डाव मोडायचा.

मी चिंचवडला एका छोट्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे जुळवते. घरी मात्र मुलांनी पैशाचं काही विचारलं की माझं आणि नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "तुम्हाला काय करायचंय?" सोहम तेव्हा अकराचा होता, गार्गी आठची. सुट्टीत यांना पैशाचं थोडं शिकवायचं ठरवलं आणि सगळे करतात तेच केलं, फोन उघडला.

पहिला आठवडा अमेरिकेत गेला. मुलांसाठी पैशावर जे चकचकीत, रंगीत, हलतं-बोलतं साहित्य मिळतं, ते बहुतेक तिकडचं. त्यात एक मुलगी असते, ती घरासमोर लिंबू सरबताचा स्टॉल लावते, डॉलर मिळवते आणि तीन बरण्यांत वाटते: खर्चाची, बचतीची, दानाची. वाईट काहीच नाही. पण गार्गीचा पहिला प्रश्न आला, "क्वार्टर म्हणजे काय?" नवरा आतून जोरात हसला. दुसरा प्रश्न आला, "तिला वॉचमनकाका उठवत नाहीत?" तीन बरण्या मात्र आम्ही केल्या. लोणच्याच्या होत्या. दानाच्या बरणीत गार्गीनं दोन रुपये टाकले, बाकीच्या दोन बरण्यांना वास येतो म्हणून हात लावेना.

मग रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळाकडे वळलो. तिथे मुलांसाठी चित्रकथा आहेत, मराठीतही आहेत, फुकट आहेत. सहावी ते दहावीसाठी राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या वर्कबुकही उतरवून घेता येतात. माहिती चोख, पण मराठी अशी की जणू शिपाई फाइल घेऊन उभा आहे. सोहमनं दहा मिनिटांत मला "विहित", "सदर" आणि "अनुज्ञेय" या तीन शब्दांचे अर्थ विचारले. नंतर त्याला झोप आली.

सरकारी गोष्टींतली एकच त्या आठवड्यात चालली, नोटांची. रिझर्व्ह बँकेचं 'पैसा बोलता है' नावाचं पान आहे. नोट खरी कशी ओळखायची ते त्यावर चित्रांसकट दिलंय. ते लॅपटॉपवर लावून आम्ही जेवणाच्या टेबलावर खऱ्या नोटा मांडल्या. शंभराची नोट तिरकी केली की त्यातला हिरवा धागा निळा होतो, हे मी चाळीस वर्षांची होईपर्यंत कधी बघितलं नव्हतं. विसाच्या नोटेमागे वेरूळ निघालं. आम्ही दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो, त्यामुळे सोहम नोटेवर बोट ठेवून "इथे मला माकडानं धरलं होतं" असं सांगत सुटला. गार्गीनं मागच्या पट्टीतल्या भाषा मोजल्या. पंधरा. मराठी वरून आठवी. "आपण पहिले का नाही?" यावर इंग्रजी आद्याक्षरांची भानगड समजावण्यात जेवण गार झालं. पण त्या दिवशी नोटा दोघांच्या हातात होत्या, आणि पोरं तासभर हलली नाहीत.

तिथून मला आईबँक सुचली. कल्पना माझी, चुकाही माझ्याच.

1 मे रोजी दोघांकडचे वाढदिवसाचे आणि पाहुण्यांनी हातावर ठेवलेले प्रत्येकी पाचशे रुपये मी जमा करून घेतले. एक गुगल शीट केली, सोहमला ती बघायची मुभा दिली. दर रविवारी पन्नास रुपये हातखर्च. हवे तर घ्या, नको तर खात्यात राहतील. गोडी लागावी म्हणून महिनाअखेरच्या शिल्लकीवर दहा टक्के व्याज जाहीर केलं. दहा टक्के वर्षाला नव्हे, महिन्याला. अकाउंट्सवाल्या बाईनं हे करावं! पण तेव्हा वाटलं, पाचशेवर पन्नास रुपये, पोरं खूश होतील, विषय संपेल.

चार दिवसांनी सोहम लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. चक्रवाढ व्याजाचा कॅल्क्युलेटर त्यानं कुठून तरी शोधला होता. "आई, मी काहीच काढलं नाही आणि काहीच टाकलं नाही, तर चार वर्षांनी, म्हणजे मी दहावीत जाईन तेव्हा, तू मला अठ्ठेचाळीस हजार पाचशे आठ रुपये देणं लागतेस." मी पोळी तव्यावर तशीच ठेवून स्क्रीन बघितली. बरोबर होतं. पाचशेचे साडेअठ्ठेचाळीस हजार. व्याजाचं गणित मी ऑफिसात रोज करते, पण तो आकडा पोराच्या तोंडून ऐकला आणि पोटात गोळा आला.

त्यानंतर सोहमनं खर्च बंद केला. कुल्फी नाही, वडापाव नाही, क्रिकेटच्या बॉलची वर्गणी नाही. मित्र चिडले. मला आधी कौतुक वाटलं, मग काळजी वाटायला लागली. आणि मग 31 मे उजाडला.

त्या सकाळी शीटमध्ये सोहमची शिल्लक सातशे असायला हवी होती, दिसत होती सतराशे. तीस तारखेला रात्री त्यानं मला हजार रुपये रोख आणून दिले होते, मी कामाच्या नादात "आज्जीनं दिले असतील" म्हणून नोंदवले होते. आज्जीनंच दिले होते, पण उसने. पोरानं सासूबाईंकडून एका रात्रीसाठी हजार रुपये घेतले, माझ्याकडे ठेवले, महिनाअखेरीला सतराशेवर एकशे सत्तर रुपये व्याज खाल्लं आणि 1 जूनला हजार परत मागायला हजर. वर आज्जीला दहा रुपये "वापरायला दिलेस म्हणून."

"आई, तुम्हाला माहीत होतं?" मी सासूबाईंना विचारलं.

"मला वाटलं शाळेचं काहीतरी असेल," त्या म्हणाल्या. "पण परत केले की नाही त्यानं? शब्दाचा पक्का आहे."

रागवावं की पाठ थोपटावी, कळेना. नियम त्यानं मोडला नव्हता, नियमच भोंगळ होता. मी महिन्यातला एकच दिवस बघत होते. गंमत म्हणजे खऱ्या बँकाही पूर्वी बचत खात्यावर रोजचा हिशोब धरत नसत. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर व्याज. 1 एप्रिल 2010 पासून ते रोजच्या शिल्लकीवर मोजायला लागले. म्हणजे बँकेची जुनी पद्धत गिऱ्हाइकाच्या तोट्याची होती आणि माझी माझ्या तोट्याची. हे मी सोहमला दाखवलं, तेव्हा तो पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेच्या पानावर आपणहून दहा मिनिटं रमला. मे महिन्याच्या सुरुवातीला त्याला तेच पान दाखवलं असतं तर जांभई दिली असती.

आता व्याजदर खाली आणणं भाग होतं. योगायोग असा की 6 जूनला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ज्या दरानं ती बँकांना उसने पैसे देते तो, सहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. त्या संध्याकाळी बातम्या लागलेल्या असताना मीही घोषणा केली: आईबँकेचा दर यापुढे महिन्याला एक टक्का, रोजच्या शिल्लकीवर. आधीचं व्याज बुडणार नाही.

गार्गी रडली. सोहम रडला नाही, त्यानं वाद घातला. "त्यांनी अर्धा टक्का कमी केला, तू नऊ टक्के केलास."

"मी जास्त देत होते, मला परवडत नव्हतं."

"मग आधी का म्हणालीस?"

याला उत्तर नव्हतं. मी त्याला त्याच वर्षीच्या जानेवारीतली बातमी काढून दाखवली. दर आठवड्याला व्याज देऊ म्हणून लोकांचे पैसे घेतलेल्या एका दागिन्यांच्या दुकानाला कुलूप लागलं, तेव्हा दादरला दुकानाबाहेर जमलेली माणसं. त्यानं फोटो मोठा करून बघितला. "यांनी पण कॅल्क्युलेटर वापरला असेल," तो म्हणाला. "मग खूश झाले असतील." ठेवी घेणाऱ्या कंपनीला तशी परवानगी आहे की नाही, हे बघायला रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं पोर्टल आहे, तेही त्याला दाखवलं. त्यानं लगेच त्यात 'आईबँक' शोधून बघितली. नाही मिळाली.

व्याजाच्या या धुमाळीत सासूबाईंची भिशी मध्येच उपटली. बाराजणी, महिन्याला हजार, दर महिन्याच्या दहा तारखेला आळीपाळीनं एकीच्या घरी चहा-पोहे आणि चिठ्ठी. जूनची बैठक आमच्याकडे होती. चिठ्ठी काढायला लहान मूल लागतं, म्हणून गार्गीला बसवलं. स्टीलच्या डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, एक उचलली, पाटीलकाकूंचं नाव. बारा हजार मोजून हातात. गार्गी टक लावून बघत होती. दीड महिना ती फक्त शीटमधले आकडे बघत होती, आता पाचशेच्या चोवीस नोटा समोर होत्या.

सगळ्या गेल्यावर तिनं आज्जीला विचारलं, "यात व्याज किती?"

"शून्य."

"मग कशाला टाकायचे?"

"पाटीलकाकूंना या महिन्यात फ्रिज घ्यायचाय. तिला बारा हजार एकरकमी कोण देणार होतं? मला डिसेंबरात लागली तर मी तुझ्या आत्याच्या साडीला वापरीन."

"आणि काकूंनी पुढचे हप्ते नाही दिले तर?"

आज्जी क्षणभर थांबल्या. "मग पुढच्या वर्षी तिला भिशीत कोण घेईल? आणि जिन्यात तोंड कसं दाखवेल?"

हे मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नाही. शोधलं होतं. मुलांसाठी भिशी समजावून सांगणारं एकही पान आमच्या हाती लागलं नाही, आणि आमच्या सोसायटीत निम्मे फ्रिज भिशीवर आलेत.

जुलैत आम्ही सोहमचं बँकेत खातं काढायला गेलो. एप्रिल 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना नवीन सूचना दिल्या आहेत: दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावानं बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं, रकमेच्या मर्यादा बँकेनं ठरवायच्या, आणि खातं उणे जाता कामा नये. 1 जुलैपर्यंत बँकांनी आपले नियम त्याप्रमाणे करायचे होते. तसं दहा वर्षांवरच्या मुलांना परवानगी 2014 पासूनच होती. पण आमच्या शाखेतल्या खिडकीमागच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "अठराच्या खाली पालक लागतात." मी फोनवर परिपत्रक दाखवलं. त्यांनी ते वाचलं, आत जाऊन आले, "आमच्याकडे अजून आलेलं नाही." पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तेव्हा आलं होतं.

खरी अडचण सहीची झाली. सोहमला सही नव्हती. असणार कुठून? मधल्या आठवड्यात त्यानं गणिताच्या जुन्या वहीची मागची आठ पानं भरवली. आधी इंग्रजीत फर्राटेदार, वाचता न येणारी, त्याच्या बाबासारखी. मग देवनागरीत 'सोहम', 'म'ची रेघ ओढून खाली वळवलेली. शाखेत गेल्यावर मॅडमनी तीन चौकटी असलेलं कार्ड पुढे केलं आणि म्हणाल्या, "तिन्ही सारख्या आल्या पाहिजेत हं." जीभ दातात धरून त्यानं पहिली केली, दुसरी केली, तिसरीला 'म' वळला नाही. त्याचा चेहरा पडला. मॅडमनी नवीन कार्ड दिलं. दुसऱ्या खेपेला पाच मिनिटं लागली, मागे रांग खोळंबली, एक आजोबा म्हणाले, "करू द्या, करू द्या, आयुष्यभराचं आहे." तसं ते आयुष्यभराचं नसतं. अठरा पूर्ण झाली की नवी सही द्यावी लागते. मी ते सांगितलं नाही.

दोन हजार रुपये भरले, अठरा जुलैला पासबुक मिळालं. मी सहावीत असताना शाळेत संचयिका होती. बाईंकडे रुपया-दोन रुपये द्यायचे आणि छोट्याशा पासबुकात त्या लाल शाईनं नोंदवायच्या. ते पासबुक मी दप्तरात वरच्या कप्प्यात ठेवायचे, कुणाला तरी दिसावं म्हणून. सोहमनंही ते पासबुक तीन दिवस खिशात घातलं.

डेबिट कार्ड आम्ही घेतलं नाही. यूपीआय सर्कलचाही विचार केला होता. त्यात आपल्या खात्यातून दुसऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत खर्च करू देता येतो. पण ते सोडून दिलं. मला त्याच्या हातात परत एकदा "टिंग" नको होतं, एवढंच कारण.

ऑक्टोबरमध्ये त्याची लहान झालेली सायकल मी ऑनलाइन विकायला टाकली. दोन तासांत एकाचा फोन, किंमत न पाडता तयार, बदली झालीय, माणूस पाठवतो, आधी पैसे घ्या. त्यानं व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." मी घाईत होते, अ‍ॅप उघडलं होतं, पिनचा पहिला आकडा दाबलाही होता. सोहम शेजारी गृहपाठ करत होता. "आई, पैसे घ्यायला पिन लागत नाही." रिझर्व्ह बँकेची 'राजू अँड द फॉर्टी थीव्हज्' नावाची पुस्तिका आहे, चाळीस प्रकारच्या फसवणुकींच्या चित्रकथा. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ती चोरांच्या गोष्टी म्हणून वाचून काढली होती. "हा त्यातलाच एक आहे," तो म्हणाला आणि पुन्हा भूगोलाकडे वळला. मला थरथर सुटली होती. दुसऱ्याला 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला सांगणारी मी.

डिसेंबरात गार्गीच्या शाळेत बाल आनंद मेळावा होता. तिनं लिंबू सरबतच लावलं, त्या अमेरिकन मुलीची सूडबुद्धीनं आठवण ठेवून. दहा रुपये ग्लास, चौतीस ग्लास खपले. घरी येऊन तिनं नाणी पलंगावर ओतली, तीनशे चाळीस. वेड्यासारखी नाचत होती. मी वही काढली. लिंबं शंभर रुपये, साखर पंचेचाळीस, कागदी पेले साठ, बर्फ चाळीस. "हे तू दिले होतेस," ती म्हणाली. "हो, ते मला परत दे." तिनं दोनशे पंचेचाळीस मोजून माझ्याकडे सरकवले, एकेक नाणं ओढल्यासारखं. उरले पंच्याण्णव. बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "तू लिंबं पिळलीस त्याचे किती?" मी म्हटलं, त्याचे नको. "मग त्या मुलीच्या आईनं पण घेतले नसतील," ती म्हणाली.

या जानेवारीत सोहमचं पासबुक भरून आणलं. यंत्रानं कर्रकर्र करत दोन ओळी छापल्या: सप्टेंबरअखेर व्याज दहा रुपये, डिसेंबरअखेर तेरा. वर्षाला अडीच टक्के. त्यानं पासबुक उलटंसुलटं करून बघितलं, जणू पुढच्या पानावर उरलेले असतील. आईबँकेत त्यानं एका रात्रीत शंभर कमावले होते.

रात्री मी घराच्या कर्जाचं स्टेटमेंट बघत होते. डिसेंबरात रेपो सव्वापाचवर आल्यावर आमचा दर सव्वाआठवरून आठवर आला होता. सोहम खुर्चीमागे उभा. "ही तीच बँक ना?"

"तीच."

"माझ्याकडून अडीचनं घेतात आणि तुला आठनं देतात?"

"त्यांचा पगार, शाखा, बुडालेली कर्जं..."

"थांब." त्यानं माझा कॅल्क्युलेटर ओढला. "माझे दोन हजार तेवीस मी तिथून काढून तुला देतो. तू मला पाच टक्के दे. तुझे तीन वाचतील, माझे अडीच वाढतील. बँकेची गरजच काय?"

मी म्हटलं, तिथे तुझ्या पैशांना पाच लाखांपर्यंत विमा आहे. तो विचारात पडला. गार्गी जमिनीवर पोटावर पडून चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली नाही.

"देऊ नकोस, दादा. ही बँक मध्येच व्याज कमी करते."